खंडेनवमीचे आठ व्हॉल्व्ह

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आजवर मी जे काही लिहिलं ते प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये. तिथे 'मी' हा शब्दच येत नाही. व्हॉल्व्ह काढला जातो, साफ केला जातो, बसवला जातो. कोणी काढला, कोणाच्या हातून काय झालं, हे कोणी विचारत नाही. त्यामुळे स्वतःबद्दल लिहायला बसलो की मला चोरून काही करतोय असं वाटतं. त्यात हे आईबद्दल आहे आणि तिला विचारलेलं नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मी जळगावला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर सोनगीरजवळ. महामार्गाच्या कडेला माझ्या थोरल्या भावाचं गॅरेज आहे. पुढे पत्र्याचं शेड, मागे आमच्या राहत्या खोल्या. भाऊनं नववीत शाळा सोडली. त्याला बोलायला फार आवडतं, आणि आपल्यासारखा मिस्तरी धुळ्यापर्यंत सापडणार नाही असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. आईला आम्ही दोघंही माय म्हणतो.

दसऱ्याच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा शेडमध्ये नानांची गाडी बॉनेट उघडून उभी होती. नाना आमचे शेजारी, शेती करतात. गाडी जुनी, पेट्रोलची. मला पहिल्यांदा जळगावला सोडायला हीच गाडी आली होती. मागच्या सीटवर माझी पेटी होती आणि वाटभर माय त्या पेटीवर हात ठेवून बसली होती. आता ही गाडी चढावर दम टाकत होती, उभी असली की थरथरत होती. भाऊनं इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवलं तर एक व्हॉल्व्ह कडेला जळलेला निघाला.

नानांना गाडी हवी होती ती मुलीसाठी. मुलगी साक्रीच्या पुढे डोंगरातल्या एका गावात दिलेली, पहिलं बाळंतपण, आणि सातवा महिना संपायच्या आत तिला माहेरी आणायचं होतं. आठव्यात आमच्याकडे गरोदर बाईला हलवत नाहीत. भाड्याची गाडी करा, असं कोणीतरी म्हणालं, तर नाना म्हणाले, "घरनी गाडी दारमा असताना पोरले भाडाना गाडीमा आणू?" भाऊनं त्यांना शब्द दिला होता की दसरा झाला की गाडी तयार.

हेड धुळ्याहून घासून, सपाट करून आलं होतं. एक नवा व्हॉल्व्ह आणला होता, बाकीचे जुनेच. आता प्रत्येक व्हॉल्व्ह हेडमधल्या त्याच्या त्याच्या सीटवर, म्हणजे बैठकीवर, हातानं घासून बसवायचा होता, म्हणजे दोघांमध्ये फट राहत नाही आणि इंजिनाचा जोर गळत नाही. या कामाला लाकडी दांडी असते, तिच्या टोकाला रबराची वाटी. वाटी व्हॉल्व्हच्या पाठीला चिकटवायची, सीटवर कणीदार पेस्ट लावायची आणि दांडी दोन तळव्यांत धरून अर्धी इकडे, अर्धी तिकडे फिरवायची. एकदा घासला की तो व्हॉल्व्ह त्या सीटचाच. दुसरीकडे चालत नाही.

"घे रे इंजिनिअर, पुस्तकमा दांडी नही ना?" असं म्हणून भाऊनं ते काम माझ्याकडे दिलं. मी ते मनापासून केलं. खरं सांगायचं तर तीन वर्षांत पहिल्यांदाच घरातल्या कोणाला मी काय शिकतो ते दिसत होतं. माय चहा आणायची आणि कप हातात देऊन थोडा वेळ तिथेच उभी राहायची. काम झाल्यावर मी व्हॉल्व्ह धुतले आणि बुटाच्या खोक्याच्या झाकणाला भोकं पाडून त्यात ओळीनं खोचले. इंजिनात जसे असतात तसेच, एक मोठा, एक लहान, पुन्हा मोठा. नंबर टाकले नाहीत. भाऊही कधी टाकत नाही. ओळ म्हणजेच नंबर.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. भाऊ सकाळीच ऑइल सील आणि हेडचं पॅकिंग आणायला धुळ्याला गेला. मी नदीकडे फिरायला गेलो. गॅरेजच्या हत्यारांची पूजा मायच करते. पाने, हातोडे, जॅक सगळं रॉकेलनं पुसून पाटावर मांडते, हळद-कुंकू लावते, झेंडूची फुलं वाहते. परत आलो तेव्हा पूजा झाली होती. पाटाच्या मध्यभागी माझे व्हॉल्व्ह होते. चार मोठे एका ओळीत, चार लहान त्यांच्यापुढे. प्रत्येकाच्या तोंडावर कुंकवाचं बोट. धुऊन, पुसून, आकारानं लावलेले. इतके छान दिसत होते की मी क्षणभर बघतच राहिलो. मग लक्षात आलं, ओळ मोडली होती.

मी काही बोलणार तोच भाऊची मोटारसायकल आली. मागे नाना बसलेले.

"कोनी हात लावा?" भाऊनं विचारलं.

"मी," माय म्हणाली. तिच्या हातात अजून ताट होतं. "पूजाले लिधात. काय व्हयनं?"

भाऊनं कपाळाला हात लावला. "आते कोनता कोठला, कसं समजी? बठ्ठं काम पानीमा गयं."

तेव्हा मी बोललो. कॉलेजात व्हायव्हाला बोलतो त्या आवाजात. "माय, याला मायक्रॉनमध्ये हिशेब असतो. हे काय देव्हाऱ्यातले टाक आहेत, वाटेल तसे मांडायला?"

नाना हसले. भाऊ चिडलेला होता तरी तोही हसला. नाना म्हणाले, "पोरगं शिकनं शे भो, बोलीच." मलाही थोडं हसू आलं, कारण माझ्या बोलण्यावर घरात सहसा कोणी हसत नाही. माय हसली नाही. तिनं ताट खाली ठेवलं, पदराच्या टोकानं एकेका व्हॉल्व्हवरचं कुंकू पुसलं, आणि ते मोठे-लहान तसेच खोक्याच्या झाकणात परत खोचले.

दुपारी मी जेवायला बसलो. पाणी प्यायल्यावर तांब्या माझ्या बाजूला राहिला होता. माय म्हणाली, "हाई उचलू का? चाली ना?"

मला आधी कळलंच नाही. संध्याकाळी खाटेवरची माझी बॅग. "ही बाजूले ठेवू का? चाली ना?" मग माझा वाळत घातलेला शर्ट. टोमणा असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पण तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. माझ्या वस्तूंमध्ये आपल्याला न समजणारं काहीतरी असतं आणि आपला हात लागून ते बिघडू शकतं, एवढं तिनं माझ्याकडून शिकून घेतलं होतं.

दसऱ्याच्या दिवशी आठही व्हॉल्व्ह नव्यानं घासायला आम्ही सकाळपासून बसलो. दांडी एकच होती, म्हणून भाऊ आणि मी आळीपाळीनं. गावातली माणसं आपट्याची पानं घेऊन येत होती. आमचे हात पेस्टनं काळे, त्यामुळे सोनं कोणी खिशात टाकत होतं, कोणी हेडवरच ठेवून जात होतं. एक म्हातारे आबा म्हणाले, "आज तरी हात धुवा रे." भाऊ म्हणाला, "आबा, नानाना नातू पहिले येऊ द्या, मंग हात धुऊत."

थोड्या वेळानं माय येऊन उभी राहिली. "मी घासू का एक?" तिनं भाऊला नाही, मला विचारलं.

मी दांडी तिच्या हातात दिली.  ती बसली आणि दोन्ही तळव्यांत दांडी धरून घुसळायला लागली.

"माय, ताक नही करनं शे," भाऊ म्हणाला. "अर्धं फिरव. मंग उचल, जरा सरकाव, परत."

ती तसं करू लागली. पहिल्यांदा खरखर आवाज येत होता, मग तो मऊ होत गेला. मान वर न करता ती म्हणाली, "दर साल तुनी पुस्तकं ठेवतस पूजामा. अवंदा पुस्तकं तं जळगावले शेतस. मंग म्हटलं, तुनं हत्यार कोनतं?"

भाऊ हातातलं फडकं नुसतंच चोळत राहिला. मी म्हणायला हवं होतं, माय, चुकलं माझं. एवढे तीन शब्द. ते तोंडापर्यंत आले होते. पण भाऊ समोर होता, नाना बांधावरून येताना दिसत होते, आणि आमच्या घरात असं कोणी कोणाला म्हणत नाही. मी म्हणालो, "पेस्ट जास्त झाली, जरा पुसून घे." तिनं पुसली.

दुपारी कुठे फट राहिली का ते बघायला एकेका व्हॉल्व्हमागे पेट्रोल ओतून पाहिलं. सात कोरडे राहिले. शेवटच्या एकाच्या कडेला ओल दिसत होती. तो मायनं घासलेला नव्हता, मी घासलेला होता. पुन्हा घासायला हवा होता, पण दुसऱ्या दिवशी माझी कॉलेजात चाचणी होती आणि दुपारची बस पकडायची होती. भाऊ म्हणाला, "तू जाय. मी पाहतो." मायनं बॅगेत चिवडा भरला. भरण्याआधी चेन उघडू का म्हणून विचारलं.

धुळ्याला बस बदलली, जळगावला पोचलो, चाचणी दिली. आमच्या लॅबमध्ये एक कापलेलं इंजिन आहे, आतलं दिसावं म्हणून लाल-निळ्या रंगात रंगवलेलं. त्यात आठ व्हॉल्व्ह आहेत. ते कधी कोणी घासलेले नाहीत आणि त्यांच्या भरवशावर कोणी कधी डोंगर चढणार नाही. त्या आठवड्यात मी त्या इंजिनाजवळून जाताना दुसरीकडे बघत होतो.

नाना ज्या दिवशी साक्रीकडे निघणार होते त्या दिवशी मी सकाळपासून भाऊला फोन लावत होतो. त्यानं उचलला नाही. नानांचा फोन लागतच नव्हता, पुढे डोंगरात रेंज नसते. जेवणाच्या वेळी मेसमध्ये बसलो आणि मनात नको ते यायला लागलं. चढावर गाडी बंद पडली आहे, ती सात महिन्यांची गरोदर पोर रस्त्याच्या कडेला दगडावर बसली आहे, आणि नाना बॉनेट उघडून माझा व्हॉल्व्ह शोधत आहेत. पुन्हा वाटायचं, बंद पडली तर सगळे काय म्हणतील? पूजेत हात लागला म्हणून, असंच म्हणतील. मी तसं बोलून ठेवलं होतं ना, सगळ्यांसमोर. ओल राहिली होती माझ्या व्हॉल्व्हला आणि नाव येणार होतं मायचं. ताटातलं तसंच ठेवून मी उठलो.

दिवस मावळायला फोन आला. भाऊचा नंबर, पण आवाज मायचा. ती स्वतःहून कधी फोन करत नाही. माझ्या पैशानं बोलायचं म्हणून नुसती रिंग देऊन ठेवते.

"घर उनूत आम्ही," ती म्हणाली.

"आम्ही म्हणजे? तू गेली होतीस?"

नानांच्या बायकोचा गुडघा दुखतो. मुलीला आणायला बरोबर बाई माणूस हवं, म्हणून माय गेली होती. म्हणजे दिवसभर मी ज्या गाडीची काळजी करत होतो त्या गाडीत तीच बसली होती. मला कोणी सांगितलं नव्हतं.

तिनं सगळं क्रमानं सांगितलं. पोर सुखरूप घरी आली, येताना पुढच्या सीटवर झोपली होती. चढ गाडीनं एका दमात काढला. उतारावर मागून थोडा निळा धूर दिसला, पण भाऊ म्हणतो तो जुन्या गाडीचा असतोच. तुझा शेवटचा व्हॉल्व्ह भाऊनं पुन्हा घासला होता. तिनं 'तुझा' म्हटलं ते मला लागलं, पण तिनं ते सहज म्हटलं होतं.

"माय," मी म्हणालो. या वेळी बोलायचंच असं ठरवलं होतं.

पण तिचं अजून संपलं नव्हतं. सकाळी निघण्याआधी भाऊ हेडच्या वरचं झाकण लावत होता. तेव्हा ती ताट घेऊन गेली, त्याला म्हणाली, जरा थांब, आणि हेडला हळद-कुंकवाची बोटं लावली. भाऊनं त्यावरूनच झाकण लावलं. मग नाना म्हणाले, चला, आणि ती गाडीत बसली.

"निंघानी घाई व्हती," ती म्हणाली. "तुले इचारानं राही गयं."