काकांच्या आतला बिघडलेला सूर

नारायण काकांनी कानातली दोन्ही यंत्रं काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं की आता ही नकोत, सेंटरच्या मॅडमनी बंद करायला सांगितलंय.

मी ऑडिऑलॉजिस्ट आहे. ऐकू किती येतं ते तपासते आणि श्रवणयंत्र लावून देते. काका म्हैसूरच्या जुन्या मराठी शिंपी घरातले. दुकान आता मुलगा बघतो, काका विठ्ठल मंदिरात भजनाला पेटी वाजवतात. मुलाने त्यांना आराम मिळावा म्हणून हूटगळ्ळीच्या पुढे एका वेलनेस सेंटरमध्ये काही दिवस राहायला पाठवलं होतं. तिथे सेल्टिक हार्प ऐकवून माणसं बरी करतात. कशातून बरी, हे माहितीपत्रकात लिहिलेलं नाही, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही.

हार्प म्हणजे आयर्लंडकडचं उभं, तारांचं वाद्य. सेंटरमध्ये ते नाही, स्पीकर आहे. चटईवर डोळे मिटून पडायचं आणि ऐकायचं. काकांना प्रत्येक स्वर थरथरताना ऐकू आला, मागे बारीक शिट्टी. त्यांनी तसं हीलिंग डायरेक्टर मॅडमना सांगितलं. मॅडमनी निदान केलं की हार्प शुद्ध आहे, काकांच्या आतला सूर बिघडलाय. उपाय म्हणून हार्प ऐकायचा वेळ दुप्पट केला. थरथरही दुप्पट झाली. मॅडम खूश झाल्या, ब्लॉकेज सुटतंय म्हणाल्या. शिवाय पूर्ण बरं होईपर्यंत पेटीला हात लावायचा नाही.

"पेटीपण तशीच हलते गं पुट्टी," काका म्हणाले. पुट्टी म्हणजे कानडीत छोटी, मला ते लाडाने तसं म्हणतात. "कान गेला माझा. एकादशीला दुसरं कोणी बसू दे. मला बेडा, नकोच ते."

एवढं बोलून ते उठायला लागले. मी त्यांना बसायला सांगितलं आणि यंत्रं कॉम्प्युटरला जोडली.

यंत्राने आपलाच आवाज परत पकडला की शिट्टी वाजते. ती दाबायला आत फीडबॅक मॅनेजर असतो. तो बोलणं ऐकण्यासाठी बनवलेला आहे. लांब, स्वच्छ सूर आला की त्याला तीच शिट्टी वाटते आणि तो सुराच्याच मागे लागतो. मग सूर थरथरतो. हार्पचा तसा, पेटीचाही तसा. काकांनी यंत्रं माझ्याकडून नाही, दुसऱ्या दुकानातून घेतली होती, तिथे पेटीबद्दल कोणी विचारलं नव्हतं. मी फीडबॅक मॅनेजर कमी करून वेगळा म्युझिक प्रोग्राम बनवला. बटण दाबलं की तो सुरू.

काकांनी हट्ट धरला की मी सेंटरमध्ये येऊन मॅडमना समजवावं. मला अशा ठिकाणी बोलायला जमत नाही, पण गेले. हार्प लागला. काकांनी बटण दाबलं आणि बराच वेळ मान खाली घालून ऐकत राहिले.

"सरळ आहे," ते म्हणाले. "अगदी सरळ."

"ब्रेकथ्रू," मॅडम डोळे मिटून म्हणाल्या.

मी हळूच सांगितलं की काकांनी यंत्राचा प्रोग्राम बदललाय.

"एक्झॅक्टली," मॅडम म्हणाल्या. "इनर प्रोग्राम."

मी पुन्हा प्रयत्न केला नाही. काकांनी आणखी थोडा हार्प ऐकला आणि मला मराठीत विचारलं, "हे दिवसभर एवढंच वाजवतात?"

त्याच दुपारी ते बॅग भरून घरी गेले. एकादशीला पेटीवर बसले. मुलाने सांगितलं की दोन भजनं जास्तच झाली, कोणी उठवायला गेलं तर ऐकू न आल्यासारखं करत होते.

मॅडमनी काकांचा फोटो सेंटरच्या पेजवर टाकला. खाली लिहिलंय की हार्पमुळे यांना कान परत मिळाले. फोटोतून श्रवणयंत्रं एडिट करून काढली आहेत, काम सफाईदार आहे. तो फोटो बघून कमी ऐकू येणारे आणखी काही आजोबा तिथे दाखल झाले. त्यांनाही हार्प थरथरताना ऐकू येतो. मॅडम ब्लॉकेज सांगतात, मग ते फोटोतल्या काकांना शोधून काढतात आणि काका त्यांना माझा नंबर देतात.

एक गोष्ट मात्र शिकले. म्युझिक प्रोग्राम लावला की तो पेशंटच्या घरी जाऊन तपासावा. सेंटरमध्ये तपासला तर बरं करणारी मी नसते.