सावधान कोणी म्हटलंच नाही

मित्राच्या मुलीच्या लग्नात नवरा-नवरीनं एकमेकांना हार घातले, तेव्हा मी शेवंतीच्या पाकळ्यांनी भरलेल्या ताटलीचा फोटो काढत होतो. कॅमेऱ्याची बॅटरी भरलेली होती. थंडीतल्या सकाळचं ऊन फोटोवाल्यानं नवस बोलून मागावं असं होतं. हात लांब केला असता तर नवरीच्या पदराला लागला असता, इतक्या जवळ मी होतो. फक्त पाठमोरा होतो.

लग्न नागपुरात बेसाला, मित्राच्या घरामागच्या बागेत होतं. बाग म्हणजे एक लिंबाचं झाड, जास्वंदीची रांग आणि संत्र्याचं एक कलम. त्या कलमाला आजवर एकही संत्रं लागलेलं नाही, आणि संत्र्यांच्या गावात राहून हे सांगायची मित्राला लाज वाटते. लॉन नको, डीजे नको, असं मुलीनं बजावलं होतं. दोन्हीकडची अगदी जवळची माणसं तेवढी. फोटोवालाही बाहेरचा नको. मग कोण? कॅमेरा घेतल्यापासून ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना पक्ष्यांचे फोटो दाखवून ज्यानं जेवण नकोसं केलं होतं, तो मी.

मित्राचं मागणं एकच होतं. त्याच्या स्वतःच्या लग्नात फोटोवाल्याचा रोल नेमका हार घालायच्या वेळी संपला होता. त्यांच्या बैठकीत लग्नाचा फोटो आहे, पण त्यात दोघं खुर्चीत बसलेले, हार आधीच गळ्यात आणि चेहरे मुख्याध्यापकांसमोर उभं केल्यासारखे.

"हार घालताना ही माझ्याकडे पाहून अशी हसली होती ना," तो म्हणाला, "पण ते मलेच माहीत आहे. दाखवाले काहीच नाही. पोरीचा तेवढा एक फोटो पाहिजे गा. बाकी तू झाडाचे काढ, कुत्र्याचे काढ, मी काही म्हणत नाही."

"तू काहून टेन्शन घेऊन राहिला?" मी म्हणालो. "डोळे मिटून काढीन."

या वाक्याचा पुढे मला फार त्रास झाला.

भाच्या-पुतण्यांच्या लग्नांत फोटो काढून माझी एक पद्धत बसली होती. मंगलाष्टकं चालू असताना मी निवांत असतो. आजूबाजूचं टिपतो, कुणी डुलकी घेत असेल तर तेही. शेवटचं 'सावधान' कानावर आलं की कॅमेरा डोळ्याला. अंतरपाट खाली, माझं बोट खाली. फोटो कधी चुकला नाही. मीही स्वतःला कलावंत समजू लागलो होतो.

आता, मित्र बौद्ध. आम्ही कित्येक वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो, त्याच्या डब्यातली पाटवडी मी माझ्या हक्काची समजून खाल्ली. त्यांच्यात लग्न कसं लागतं हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. मोबाईलवर आलेल्या आमंत्रणात 'जयमंगल अष्टगाथा' असे शब्द होते. ते वाचून मी समाधानानं मान हलवली. अष्ट म्हणजे अष्टक, अष्टक म्हणजे शेवटी सावधान, सावधान म्हणजे हार. विचारायचं काय त्यात?

सकाळी पोचल्यावर मी पहिलं काम केलं ते हुकूम सोडायचं. नवरदेवाच्या मावशींनी मोबाईल वर धरून विचारलं, "एकच काढून घेऊ का जी?"

"मावशी, मध्ये मोबाईलचा हात आला की फ्रेम जाते," मी म्हणालो. "सगळ्यांनाच सांगतो, मोबाईल आत ठेवा. मी आहे ना."

मावशींनी निमूटपणे मोबाईल पर्समध्ये टाकला. बाकीच्यांनीही टाकले. लोक आपलं ऐकतात हे पाहून माझी छाती फुगली.

पांढऱ्या कापडाच्या टेबलावर मूर्ती, तसबीर, मेणबत्त्या. पांढऱ्या साडीतली नवरी, पांढऱ्या कुर्त्यातला नवरदेव. वंदना झाली, पंचशील झालं. मग दोघं प्रतिज्ञा म्हणू लागले. अष्टगाथा अजून यायच्या होत्या, म्हणजे वेळच वेळ. तेवढ्यात मला ती ताटली दिसली. पाकळ्यांवर ऊन तिरपं पडलं होतं. मी गुडघ्यावर बसलो.

मागे टाळ्या वाजल्या. प्रतिज्ञा छान म्हटल्या असतील, असं मला वाटलं.

वळलो तर हार गळ्यात. नवरी अजून हसतच होती, हसू उतरायच्या बेतात होतं. आणि माझी हुशारी बघा, तेव्हाही मी मनात म्हटलं, बहुतेक तालीम केली असेल, खरं नंतर घालतील. गाथा सुरू झाल्या, पाकळ्या पडू लागल्या. मी बोट बटणावर ठेवून 'सावधान'ची वाट पाहत राहिलो. गाथा संपल्या, सगळे 'साधु, साधु, साधु' म्हणाले, माणसं उठून एकमेकांना भेटू लागली. मी कॅमेरा डोळ्याला लावून उभाच.

मुलीचे मोठे मामा जवळ आले. "झालं जी लग्न," ते हळूच म्हणाले. "चला जेवाले."

मित्र माणसांतून वाट काढत आला. "आला ना हाराचा?"

"आला म्हणजे!" मी म्हणालो. हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला माहीत नाही.

"दाखव ना मग."

तो माझ्या खांद्याशी येऊन उभा राहिला आणि मी एकेक फोटो पुढे सरकवू लागलो. ताटली. ताटली. जरा जवळून ताटली. मग हार घातलेली, पाकळ्यांत न्हालेली दोघं. त्यानं माझ्या हातातला कॅमेरा न घेता बोटानं फोटो पुन्हा मागे नेले. पुन्हा ताटली. त्यानं शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

"मी सावधानची वाट पाहत होतो," मी म्हणालो.

"आमच्यात कोण म्हणते सावधान?" तो म्हणाला. "मोठ्या पोरीच्या लग्नात होता ना तू?"

होतो. म्हणजे हॉलमध्ये पोचलो तेव्हा पंगत बसत होती.

"कोणाच्या मोबाईलमध्ये असेल ना," मी म्हणालो. मावशींनी पर्स छातीशी धरून माझ्याकडे पाहिलं आणि मला माझाच आवाज आठवला.

नवरीनं सगळं ऐकलं होतं. तिनं गळ्यातला हार काढायला हात वर नेला. "बाबा, परत घालतो ना आम्ही. दोन मिनिटं लागतील." नवरदेवही बिचारा मान वाकवून तयार.

"नको वं," मित्र म्हणाला. "तेव्हा तू हसली होती. आता हसून दाखवशील."

तो बागेतल्या खुर्च्या सरळ करायला निघून गेला. त्या सरळच होत्या.

मी कॅमेरा पिशवीत भरला आणि फाटकाकडे सरकलो. मित्राच्या बायकोनं मला तिथंच गाठलं. हातात भरलेलं ताट होतं, पाटवडीचा रस्सा कडेपर्यंत आलेला. ताट तिनं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली,

"खा, भाऊजी. मोठीच्या लग्नातही जेवाच्याच टायमाले आले होते तुम्ही. यावेळी लवकर येऊन काय केलं?"