अर्धी टाकी

ऊर्जानगरला आमच्या घरी दोन गाड्या. शाळेत शिकवायला जायची स्कूटर माझी, डिझेलची कार यांची. यांचा एक नियम होता: टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. एकदा एटापल्लीच्या रस्त्यावर डिझेल संपलं आणि अख्खी दुपार सागाखाली बसून काढावी लागली, तेव्हापासूनचा. लग्न असो की बारसं, निघालो की आधी पंप. मी चिडायचे. "माझ्यापेक्षा हिच्याच पोटाची काळजी तुम्हाला," म्हणायचे.

हे गेले त्याच्या थोडे दिवस आधीच यांनी टाकी फुल करून आणली होती. मग कार मी चालवू लागले आणि तो नियमही माझ्याकडे आला. काटा अर्ध्यावर आला की वर भरून घ्यायचे. म्हणजे यांनी भरलेलं थोडंतरी तळाशी राहील. मी विज्ञान शिकवते, टाकीत सगळं एकमेकांत मिसळतं हे मला कळत नाही असं नाही. पण यांच्या हातचं, अजून चालतं असं घरात तेवढंच उरलं होतं. हे कोणाला सांगायची सोय नव्हती, लोकांनी वेड्यात काढलं असतं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत सिंदेवाहीला बहिणीकडे निघाले. एकटीने एवढ्या लांब पहिल्यांदाच. आमच्या नेहमीच्या पंपावर कार ओळखीची, तिथे कोणी काही विचारत नाही. वाटेतल्या पंपावरच्या मुलीने मात्र विचारलं, "काय टाकू बाई?" स्कूटरची इतक्या वर्षांची सवय. मी म्हटलं, "पेट्रोल."

पुढे जंगलात गाडी आचके देऊ लागली आणि बंद पडली. आपण काय बोललो ते तेव्हा आठवलं. बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघून मी मोठ्याने भांडले. "बघा, तुमच्या नियमापायी!" हे असते तर ही फजिती प्रत्येक लग्नात रंगवून सांगत फिरले असते आणि मी दात-ओठ खाल्ले असते. आता मला हसायलाही कोणी नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती झाडं होती.

बहिणीला फोन केला. तिने धाडलेल्या मेकॅनिकने ट्रॅक्टरला बांधून कार सिंदेवाहीच्या गॅरेजात आणली.

"घाबरू नका बाई, इंजिन वाचलं. पण टाकी पुरी खाली करा लागते."

"तळाशी थोडं राहू दिलं तर?"

"नाई ना बाई, थेंबभरही नाई जमत. काऊन?"

"काही नाही," मी म्हटलं.

त्याने टाकी सोडली. खाली ठेवलेल्या डब्यात ते बराच वेळ पडत राहिलं. मी उभी राहून शेवटपर्यंत बघितलं. मग त्याने टाकी धुतली, फिल्टर बदलला आणि डिझेलची कॅन घेऊन आला.

"किती टाकू? पंप तं इथी जवळच आहे, थोडंसं टाकलं तरी चालते."

"अर्ध्याच्या वर जाऊ द्या."

"लय जपून राह्यता बाई तुम्ही!"

"घरचा नियम आहे," मी म्हटलं, आणि गॅरेजातल्या सगळ्यांसमोर मला रडू फुटलं.