गुळाच्या ट्रकातून समुद्राकडं

पोहायच्या शर्यतीला गुळाच्या ट्रकातून गेलेली पोरगी कोल्हापुरात माझ्याशिवाय दुसरी कुणी असेल असं मला वाटत नाही. मागं ताडपत्रीखाली गुळाचे रवे, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या ढेपा, पुढं केबिनमध्ये मी, आणि स्टिअरिंगवर आबा, माझे वडील. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला मालवणच्या समुद्रात दहा मैल पोहायचं होतं. समुद्र मी तोवर फक्त कॅलेंडरवर बघितलेला. शर्यतीच्या अर्जात 'समुद्रात पोहण्याचा अनुभव' असा एक रकाना होता. तिथं आबांनी 'आहे' असं लिहून खाली झोकात सही ठोकली होती.

समुद्राची भीती होती, ते खोटं कशाला सांगू. पण समुद्रापेक्षा मला भीती आबांची होती. ते मारतील, ओरडतील अशी नव्हे. ते मला मधेच बाहेर काढतील, ही.

त्याचं असं आहे. आबा मूळचे चंदगडकडचे. तिकडचा पाऊस काय असतो ते तिकडच्यांनाच विचारावं. लहानपणी त्यांनी भरल्या ओढ्यात गाडीबैलांसकट माणसं वाहून गेलेली बघितली होती, आणि तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी आलं की हा सहा फुटी ट्रक डायव्हर घामाघूम व्हायचा. स्वतःला पोहता येत नाही म्हणूनच पोरीला आलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. पंचगंगेच्या घाटावर माझ्या कमरेला ट्रकचा दोर बांधून, स्वतः कोरड्या पायरीवर उभे राहून त्यांनी मला पोहायला शिकवलं. मंगळवार पेठेतली पोरं हसायची. हसू देत. सहा महिन्यांत मी त्या पोरांना मागं टाकलं.

दोर सुटला, पण आबा सुटले नाहीत. मी मोठ्या पल्ल्याचं पोहायला लागले तेव्हा त्यांनी नवी पद्धत काढली. मी नदीतून पोहत निघायची, ते ट्रक घेऊन पुढच्या गावच्या काठावर थांबायचे. ठरलेलं असं की दोनदा हॉर्न वाजला की निमूट बाहेर यायचं. आणि हॉर्न वाजायचाच. कधी ढग आले म्हणून, कधी कुणीतरी मगर बघितली म्हणे म्हणून, कधी 'तुझे ओठ काळे पडल्यात' म्हणून. अहो, शंभर पावलांवरनं यांना माझे ओठ दिसत होते. चार वर्षांत एकदासुद्धा मी ठरवलेल्या जागेपर्यंत पोचले नाही. अंगाला अशी सवय झाली की राजारामपुरीत चालताना कुठल्या परक्या ट्रकनं दोन हॉर्न मारले तरी माझे पाय थांबायचे. त्यामुळं मला दहा मैल पोहता येतं की नाही, हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. ते एकदा कळावं एवढीच माझी इच्छा होती. नंबर, कप, फोटो, काही नको होतं.

आणि शर्यतीच्या नियमांचा कागद आला, तो वाचून तर माझी झोपच उडाली. प्रत्येक पोहणाऱ्याबरोबर एक होडी, होडीत एक होडीवाला आणि घरचं एक माणूस. त्या घरच्या माणसाच्या हातात एक लाल फडकं देणार. ते वर झालं की पंचांची लाँच येऊन पोहणाऱ्याला उचलून नेणार, विषय संपला. आमच्या घरचं माणूस म्हणजे अर्थात आबा. आई म्हणाली, "आबा हायत नव्हं होडीत, मग मला घोर न्हाय." मला नेमका त्याचाच घोर होता.

पोहायचा पोशाख शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या चाचांनी शिवून दिला होता. माप आईनं घेतलं, चाचांनी मान वर करून माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मात्र निघताना ते केबिनच्या दारापाशी येऊन म्हणाले, "बेटा, शिलाई डबल घातलीय. कापड फाटंल, टाका उसवणार नाही." मी हो म्हटलं. मला त्या क्षणी फाटण्या-उसवण्याची काळजी सुचतच नव्हती.

सकाळी सहाला निघालो. रंकाळा मागं पडला आणि आबांचं थांबणं सुरू झालं. एरवी गगनबावड्यापर्यंत एका दमात जाणारा माणूस, त्या दिवशी दर पाच-सात मैलांवर गाडी बाजूला घ्यायचा, हातोडीनं टायर ठोकून बघायचा, ताडपत्रीचे दोर ओढून बघायचा, आणि पुन्हा बसायचा. टायरला काही झालेलं नव्हतं. मी प्रत्येक वेळी मनात म्हणायची, रस्त्यावरच यांची ही गत, तर उद्या होडीत काय होणार.

वर कहर म्हणजे जिथं थांबतील तिथं सांगत सुटले. चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसलेल्या अनोळखी म्हाताऱ्यालासुद्धा, "पावणं, ही माझी थोरली. उद्या समुद्रात पवणार हाय, धा मैल." म्हातारा माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "आनी बुडली म्हंजे?" आबांचा चहा कपातच राहिला. मी त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येणार नाहीत.

घाटात डायव्हरशी बोलायचं नाही, हा आमच्या घरातला कडक नियम. त्यामुळं करूळ घाट उतरेपर्यंत मी ओठ घट्ट मिटून बसले. एकेक वळण येत होतं आणि मी मनात वाक्य जुळवत होते. घाट संपल्यावर ब्रेक गार करायला आबांनी ट्रक एका झाडाखाली लावला, आणि मी खाली उतरून त्यांच्यासमोर उभी राहिले. आमच्याकडं मुलीसुद्धा 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, तेव्हा माझं बोलणं वाचून कुणी गोंधळू नये.

"आबा, उद्या ते फडकं वर करू नका."

"कुठलं फडकं?"

"म्हाईत हाय तुम्हाला कुठलं ते."

"बघू की."

"बघू न्हाय. आत्ता सांगा. मी बुडाय लागलो तरच वर करायचं."

"बुडाय लागल्यावर वर करून काय उपेग?" आबा शांतपणे म्हणाले. "त्याच्या आदीच कराय लागतंय."

झालं. माझं डोकं सटकलं. "पाण्यातलं तुम्हाला काय कळतंय? गुडघ्याएवढ्या पाण्यात तुम्हाला घाम फुटतोय, आन दरवेळी मला बाहेर वढताय. तुमच्या भ्यापायी माझं एकदाबी पुरं झालं न्हाय. मी कच्चा न्हाय, आबा. तुम्हीच भित्रं हाईसा."

बापाला कुणी असं बोलतं का? मी बोलले.  आबांनी चाकावर हात धरून गरम आहे का बघितलं, डब्यातलं पाणी ओतलं, वाफ निघाली ती संपेपर्यंत तिथंच उकिडवे बसून राहिले. मग म्हणाले, "चल, बस."

मला तिथल्या तिथं लाज वाटली. पण आमच्या घरात माफी मागायची रीत नव्हती. भांडण झालं की जेवायला हाक मारतात, तीच माफी. कणकवलीत गूळ उतरवून झाल्यावर मी डबा उघडून म्हटलं, "आबा, जेवा." ते जेवले. पण त्यानंतर त्यांनी कुणालाही 'ही माझी थोरली' म्हणून सांगितलं नाही.

उन्हं कलताना समुद्र दिसला. नदीला पलीकडचा काठ असतो. कितीही दमलं तरी डोळा तिथं टेकवता येतो. इथं पलीकडं काहीच नव्हतं. आबा वाळूवर चपला हातात घेऊन उभे होते, लाट आली की दोन पावलं मागं सरकत होते. मी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. अर्जावरचं ते 'आहे' मला आठवलं.

सकाळी एका खडकाजवळून आम्हाला सोडलं. आमचा होडीवाला सत्तरीच्या पुढचा, काळाकुळकुळीत, मोजकं बोलणारा म्हातारा होता. आबा होडीत चढले ते दोन्ही हातांनी कड धरून. चेहरा राखेसारखा झाला होता. ते होडीच्या अगदी पुढच्या टोकाला जाऊन बसले, माझ्याकडं पाठ करून. मला वाटलं, रुसलेत. कालचं बोलणं लागलंय. म्हटलं, ठीक आहे, रुसा, पण फडकं वर करू नका.

पहिले दोन-तीन तास बरे गेले. मी हात मारत होते आणि कान मात्र हॉर्नकडं लावून होते. समुद्रात कुठला हॉर्न, पण कान ऐकतात थोडेच. मग काचेसारखं पारदर्शक काहीतरी दंडाला लागलं आणि मिरची चोळल्यासारखी आग झाली. खारट पाण्यानं जीभ सुजली, जड झाली. म्हातारा वल्ही सोडून काठीला बांधलेल्या बाटलीतून गूळ-लिंबाचं पाणी द्यायचा, होडीला हात लागला तर बाद म्हणून लांबूनच. ते पाणी आबांनीच करून आणलेलं. पण म्हातारा ते देत असताना आबांनी एकदाही वळून बघितलं नाही.

मग पाणी फिरलं, ओढ उलटी लागली. बंदरावरचं एक कौलारू छप्पर मी नजरेत धरून ठेवलं होतं, ते जवळ यायचं थांबलं. मी हात मारतेय, मारतेय, आणि छप्पर जागच्या जागी. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. खांदे आपले राहिले नाहीत. छातीत धडधड इतकी की पाण्यातसुद्धा ऐकू येत होती. मला खरंच वाटलं की मी आता मरणार. आणि मी, आदल्या दिवशी एवढी तोंड वर करून बोललेली मी, ओरडले. "आबा, मला घ्या. आबा, मला बाहेर घ्या."

आबांची पाठ हलली नाही. खाकी शर्ट घामानं चिकटलेला, मान खाली. मी पुन्हा ओरडले. काही नाही. ढगाला भिऊन मला बाहेर काढणारा माणूस, आता मी बोलावतेय तर बहिरा. मला असा संताप आला की काय सांगू. एवढा राग धरतात होय पोरीवर? मरायला आलेय तरी? म्हातारा वल्ही थांबवून माझ्याकडं टक लावून बघत होता. तो फक्त म्हणाला, "येतंस, गो. हात मार." मी हात मारले, ते आबांच्या नावानं बोटं मोडत. आज जेवायला हाक मारणार नाही, ट्रकात बसणार नाही, एसटीनं जाईन, असं ठरवत ठरवत मारले. कधीतरी ते छप्पर हललं.

किनाऱ्याला लागले तेव्हा बहुतेक सगळे आधीच येऊन कपडे बदलून बसले होते. माझ्या मागं एकच जण होता. कुणीतरी टॉवेल पांघरला, कुणीतरी पाठीवर थाप मारली. दहा मैल झाले होते. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी आबांना शोधत होते, भांडायला.

होडी लागली होती. म्हातारा दोर बांधत होता आणि आबा पलीकडं वाळूत बसले होते, गुडघ्यांत डोकं घालून. मी तिकडं निघाले तर म्हाताऱ्यानं मला अडवलं. कमरेला खोचलेलं लाल फडकं काढून त्यानं माझ्यासमोर धरलं.

"तुझ्या बापाशीन होडयेत पाय ठेवच्या आधीच ह्या माझ्याकडे दिल्यान," तो म्हणाला. "सांगल्यान, ‘माझा जीव ऱ्हायचा न्हाय, मी मागीन. मागितलं तरी देऊ नगा. तुमाला वाटलं तरच वर करा, पाण्यातलं तुमाला कळतंय.’"

मी ते फडकं हातात घेतलं.

"तीनदा मागल्यान," म्हातारा म्हणाला. "दोनदा हळू. तू हाक मारलंस तेव्हा हात जोडल्यान. मियां नाय दिलंय. तू बुडणार नाय होतंस, माका दिसत होता."

मी आबांपाशी जाऊन उभी राहिले. त्यांच्या हातावर होडीची कड घट्ट धरल्याचे लाल वळ उठले होते. भांडायचं म्हणून जुळवलेलं सगळं विसरून गेले. तरी तोंडातून निघायचं ते निघालंच.

"आबा, मी हाक मारली ती ऐकू आली न्हाय का तुम्हाला?"

"आली की," आबा म्हणाले. "अजून येतीया."