मु. पो. डब्लिन

ओहायोतून पाऊल बाहेर न टाकता मी माझ्या सासूबाईंना एका दिवसात अख्खं फ्रँकफर्ट दाखवलं आहे. ही थाप नाही. थापा मी मारतो, अगदी नियमित मारतो, माझ्या बायकोने तर माझं कुठलंही वाक्य ऐकल्यावर त्याला मनातल्या मनात चाराने भागायची सवय लावून घेतली आहे. पण ही गोष्ट भागाकार न करता वाचावी.

तेव्हा आम्ही कोलंबसजवळच्या डब्लिन नावाच्या उपनगरात राहत होतो. नागपूरच्या नातेवाइकांच्या लेखी मात्र आम्ही 'कोलंबसला' राहायचो. उपनगराचं नाव सांगायच्या भानगडीत कोण पडतो? सप्टेंबरात आमची मुलगी जन्मली आणि तिच्यासाठी सासूबाई आल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. छत्तीस वर्षं त्यांनी मुलींच्या शाळेत खोटं पकडायचं काम केलेलं. 'पोटात दुखतंय' म्हणणाऱ्या मुलीकडे त्या नुसत्या बघायच्या आणि पोट थांबायचं. स्वतः तर आयुष्यात खोटं बोललेल्या नाहीत. अशा बाईच्या पदरी माझ्यासारखा जावई पडावा हा नियतीचा निव्वळ वात्रटपणा होता.

त्यांना एक धाकटी जाऊ. या काकू तीन वर्षांपूर्वी टूरबरोबर तेरा दिवसांत नऊ देश करून आल्या होत्या आणि तेव्हापासून परत आल्याच नव्हत्या. बारसं असो, मुंज असो, त्यांचा अल्बम पंगतीच्या आधी वाढला जायचा. वरणाला फोडणी दिली तरी त्यांना स्वित्झर्लंड आठवायचं. सासूबाई मुकाट्याने पानं उलटायच्या आणि 'छान आहे गं' म्हणायच्या. हे त्या खरंच बोलत असणार, कारण फोटो छानच होते.

जानेवारीत बाळाला घेऊन आम्ही सगळेच भारतात जाणार होतो. मी हिकमत लढवून वाटेत फ्रँकफर्टला पुरता एक दिवस मिळेल अशी तिकिटं काढली. कॉलिंग कार्डावरून नागपूरला फोन करताना सासूबाई, जन्मात पहिल्यांदा, स्वतःहून म्हणाल्या, "आम्ही जाता जाता एक दिवस जर्मनीला थांबून राहिलो." तिकडून काकूंचा आवाज इतका मोठा की स्पीकर नसतानाही आम्हाला ऐकू आला.

"एका दिवसात काय होणार, ताई? आणि थंडीत तर तिकडे सगळं बंदच असतं."

सासूबाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेनं मी थेट लॅपटॉप उघडला. मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. आयुष्यात एकही प्रोजेक्ट वेळेवर संपवलेला नाही, पण वेळापत्रक असं करतो की बघणाऱ्याला काम संपल्यासारखंच वाटावं. एक्सेलमध्ये फ्रँकफर्टचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडले. सव्वानऊ ते साडेनऊ, नदी. साडेनऊ ते सव्वादहा, दगडी चर्च. मग विटांच्या जुन्या गल्ल्या, कॉफी आणि केक, बाळाला दूध, थंडीने बधिर झालेली बोटं चोळणे: दहा मिनिटं. सासूबाईंनी लाल पेनाने शुद्धलेखन तपासून त्यावर सही केली.

आणि जायला आठवडा राहिला असताना मला एक बारीकसा तपशील कळला. भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर पडायचं तर व्हिसा लागतो. एवढ्या कमी दिवसांत तो मिळणं शक्य नव्हतं. आमच्यापैकी फ्रँकफर्टमध्ये पाय ठेवायचा अधिकार फक्त आमच्या लेकीला होता, ती जन्माने अमेरिकन. पण तिला अजून पाय टेकवता येत नव्हते.

एजंटने फ्रँकफर्टचा दिवस काढून दोन तासांचा थांबा करून दिला. बायकोने मला जे सांगितलं ते इथे देत नाही, त्याला चाराने भागलं तरी छापण्यासारखं उरत नाही. सासूबाई मात्र बाळाचं दुपटं घडी करत बसल्या, उलगडलं, परत घडी केलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी खोटी पडले."

हे मला लागलं. मी रोज तीन वेळा खोटा पडतो आणि जेवून झोपतो. पण त्यांची ती पहिलीच वेळ होती आणि मुळात खोटं त्यांचं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून रजा टाकली आणि तेच एक्सेल उघडलं. कोलंबसच्या दक्षिणेला जर्मनांनी फार पूर्वी वसवलेली वस्ती आहे. विटांचे रस्ते, विटांची घरं, एक टोकदार चर्च, अलीकडे नदी. शहर बदललं, वेळापत्रक तेच. मी म्हणालो, आपण फोटो काढू, अल्बम करू, काकूंना दाखवू. सासूबाई ताठ झाल्या.

"मी खोटं बोलणार नाही, जावईबापू."

"तुम्ही बोलूच नका. नुसत्या उभ्या राहा."

त्यांनी जरा विचार केला. "कोणी विचारलं नाही तर आपणहून सांगणार नाही. पण विचारलं तर खरंच सांगेन." मी तेवढ्यावर तह केला.

त्या दिवशी थंडी अशी होती की आमच्या दारातला थर्मामीटर खालच्या टोकाला पोचून आणखी जागा मागत होता. सासूबाईंनी नऊवार लोकर गुंडाळली म्हणा ना. साडी, त्यावर स्वेटर, त्यावर माझं जॅकेट, त्यावर शाल. उंचीइतकीच रुंदी झाली. कारचा सीटबेल्ट लावायला मला त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घालावी लागली.

सव्वानऊला नदी झाली. ती गोठलेली होती, पण वेळेवर झाली. चर्चसमोर उभं करून मी पन्नास फोटो काढले, पैकी वीसेक माझ्या अंगठ्याचे. मग गल्ल्या. सासूबाई विटांवरून घसरत, बाळाच्या गाडीला धरून, तरीही शाळा तपासणीला आल्यासारख्या चालत होत्या. एका जुन्या हॉटेलात आम्ही क्रीम भरलेला असा एक पाव मागवला की तो दोन वेटरांनी धरून आणला. तो संपवताना आम्ही वेळापत्रकापेक्षा पस्तीस मिनिटं मागे पडलो. माझ्या कारकिर्दीतला हा सर्वांत कमी उशीर.

तिथे शेजारच्या टेबलावर टेक्सासहून आलेले एक आजोबा बसले होते, डोक्यावर मोठी हॅट. सासूबाईंची साडी बघून त्यांनी अदबीने विचारलं, तुम्ही कुठून आलात? सासूबाईंनी मुख्याध्यापिकेच्या स्वच्छ इंग्रजीत उत्तर दिलं, "डब्लिनहून."

आजोबांनी हॅटच काढली. त्यांचे पणजोबा डब्लिनचेच निघाले, आयर्लंडहून बोटीत बसून आलेले. केवढ्या लांबून आलात, ते म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "छे, पंचवीस मिनिटं." आजोबा इतके हसले की त्यांची कॉफी हिंदकळली. मीही हसलो. सासूबाई हसल्या नाहीत. घरी येईपर्यंत त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या, आणि छत्तीस वर्षं पोरींच्या चेहऱ्यावर त्या जे ओळखत आल्या, ते त्यांच्या चेहऱ्यावर मला तेव्हा ओळखायला हवं होतं. बाई काहीतरी जुळवत होत्या.

फोटो धुऊन आले आणि माझं अवसान गळालं. एकात मागे पिवळीधमक स्कूल बस. एकात कारच्या नंबरप्लेटवर ठसठशीत 'ओहायो'. एका खिडकीत इथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचा झेंडा, चादरीएवढा. मी कात्री काढली. सासूबाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली, पाच फोटो निवडले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून प्रत्येकामागे सुवाच्य अक्षरात लिहिलं: मु. पो. डब्लिन. जानेवारी.

"हे डब्लिन कुठाय?" मी म्हणालो. "फोटो तर कोलंबसचे आहेत."

"पत्रावर आपण जिथं बसून लिहितो ते गाव घालतात," त्या म्हणाल्या. "मी इथं बसून लिहून राहिली."

मी त्यांच्या पाया पडलो. थापाड्याने गुरू करावा तर असा, खरं बोलणारा.

नागपुरात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पंचवीस बायका, तिळगुळाची ताटं आणि मधोमध काकूंचा अल्बम. मी बाळ सांभाळायच्या निमित्ताने दाराशी रेंगाळलो. सासूबाईंनी पाच फोटो काढून काकूंच्या मांडीवर ठेवले. काकूंनी ते बघितले, उलटे केले, वाचले. डब्लिन म्हणजे कुठं, असं कोणीतरी विचारलं आणि दुसऱ्या कोणी भूगोल पाजळून सांगितलं, आयर्लंड की हो, युरोपातलं.

काकू म्हणाल्या, "पण तुम्ही तर जर्मनी म्हणत होत्या, ताई."

"ते रद्द झालं. व्हिसाच नव्हता."

"बस बरी पिवळी तिकडची?"

"डब्लिनला पिवळीच असते."

काकूंनी शेवटचं अस्त्र काढलं. "पण एका दिवसात डब्लिन काय दिसणार?"

सासूबाईंनी शांतपणे हळदीची कोयरी पुढे केली. "एक दिवस कुठला? चांगले चार महिने राहिले मी तिथं."

नऊ देशांचा अल्बम काकूंनी आपण होऊन मिटला. मी दाराआड बाळाला इतकं उंच उडवलं की छतावरच्या पंख्याने दखल घेतली. जिंकलो आम्ही.

तेवढ्यात काकूंच्या चेहऱ्यावर करुणा पसरली. त्यांनी सासूबाईंचा हात हातात घेतला. "चार महिने? म्हणजे जावयाची अमेरिकेतली नोकरी गेली म्हणा. आणि तुम्ही बोलल्या नाही काही. मनातच ठेवलं."

पंचवीस माना माझ्याकडे वळल्या. मी सासूबाईंकडे बघितलं. हे वाक्य होतं, प्रश्न नव्हता, आणि विचारल्याशिवाय सांगायचं नाही असा आमचा तह होता. त्यांनी काकूंना कुंकू लावलं आणि पुढच्या बाईकडे वळल्या. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाल्या, "तुम्हाला खुलासा करायचा असेल तर करा, जावईबापू. खरं सांगायला कधीही हरकत नसते."

मी तोंड उघडलं. सासूबाई पुढच्या बाईला अत्तर लावत होत्या, पाठ माझ्याकडे, मान ताठ. ते पाच फोटो हातोहात फिरत होते आणि कोणी म्हणत होतं, ताई, शाल छान दिसून राहिली हो चर्चपुढे.

मी तोंड मिटलं. माझ्या आयुष्यात ती घटना पहिलीच.

त्यानंतर नागपुरात मी कुठल्याही लग्नाला गेलो की कोणीतरी काका खांद्यावर हात ठेवून हलक्या आवाजात विचारतात, काय, आयर्लंडला जम बसला का? मी म्हणतो, बसला. थंडी फार आहे, पण.