कार्डावर नसलेली खूण

माझा मुलगा विलास गवई फौजेत नायक होता. काम ड्रायव्हरचं. शांतिसेनेसोबत आफ्रिकेत जायला त्याचं नाव निघालं तेव्हा तो पंधरा दिवसांच्या सुटीवर मोर्शीला आला होता. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात. तिकडच्या रस्त्यावरच्या पाट्यांची टेस्ट पास झाल्याशिवाय स्टेअरिंग मिळणार नव्हतं.

मी चौथी शिकलेली. त्यानं पाट्या पुठ्ठ्यावर काढल्या, मागे मराठीत अर्थ लिहिला. रोज पहाटे पाच ते सहा मी कार्ड दाखवायचे, तो सांगायचा.

पहिल्याच दिवशी उलटा लाल त्रिकोण निघाला.

"हे त कुटुंब नियोजन हाय," मी म्हटलं.

"नाही वं माय. दुसऱ्याले आधी जाऊ दे, असा अर्थ हाय."

"तुले जमन का? चौकात त कोनाले जाऊ देत नाहीस."

"तुयाच पोरगा होय ना, बुढे."

टेस्टमध्ये तो एकही चुकला नाही.

चार महिन्यांनी सकाळी साडेदहाला युनिटचा फोन आला. अपघात. विलास गेला.

कोणतं कार्ड मी कच्चं ठेवलं, एवढंच डोक्यात राहिलं. झोप गेली.

अपघाताच्या वेळी त्याच्या शेजारच्या सीटवर बसलेला लान्स नायक अन्वर तेल्हाऱ्याचा. पुढच्या सुटीत तो घरी आला. चहाच्या आधीच मी विचारलं.

"कोनती पाटी चुकला?"

"एकही नाही, माय. त्या चौकात पाटीच नव्हती. ताफ्यात आमची गाडी एक नंबर, सगळ्यात पुढे. मागच्या गाडीनं रेडिओवर विचारलं, 'वन, चौक क्लिअर? ओव्हर.' मी म्हटलं, 'वेट. ट्रक येऊन राहिला.' विलासनं ट्रकले दोनदा डिपर मारला."

"मंग?"

"आपल्याकडे लाइट चमकवले का थांब, मी येतो. तिकडे त्याचा अर्थ, तू ये. ट्रकवाला आला."

विलासनं गाडी खड्ड्याकडे ओढली. ट्रक मागच्या लोकांवर न जाता त्याच्या दारावर बसला. अन्वर धरून गाडीतले सहा जण वाचले.

"हे गावात नका सांगू," अन्वर म्हणाला. "लोकं त्याले नावं ठेवतील."

अन्वर आता तिकडे जाणाऱ्या ड्रायव्हरांना शिकवतो.

"त्याहिले हे शिकवतं का?"

"शिकवतो. विलासचं नाव नाही घेत."

"काहून?"

"चांगला ड्रायव्हर होता, माय."

"मंग घेत जाय," मी म्हटलं. "नायक विलास गवई, मोर्शी. डिपर मारला, मेला. सहा वाचवले. पुरं सांग."