रिक्लायनरवरून दिसलेला जोग

एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. डोंगर किंवा धबधबा समोर पाहताना आपण अवाक होतो, फोटो काढतो... आणि घरी येऊन तो उघडला की डोंगराची टेकडी झालेली असते. फोन चांगला, उजेड चांगला, हातही हललेला नसतो. मग तो आकार जातो कुठे?

याचं उत्तर मला गेल्या शनिवारी इथे अमेरिकेतल्या ट्रॉय गावात, आमच्याच फॅमिली रूममध्ये मिळालं. नोकरीभर गाड्यांचे आरसे डिझाइन केलेल्या माणसाला ते आधीच सुचायला हवं होतं... असो.

सप्टेंबरअखेर मी आणि माझी बायको मेधा कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात आठवडाभर फिरलो. आगुंबेला ढगांनी मेहेरबानी केली आणि सूर्यास्त दिसला. सक्रेबैलूला नदीत डुंबणारे हत्ती पाहिले, इक्केरीच्या देवळासमोरचा दगडी नंदी पाहिला, धुक्यात अर्धा बुडालेला कवलेदुर्ग चढलो. प्रत्येकावर स्वतंत्रपणे लिहिता येईल, पण आम्ही हा जिल्हा निवडला तो मालतीकाकूंमुळे.

काकू आमच्या शेजारी राहतात. निवृत्त डॉक्टर, वय ऐंशीच्या पुढे. त्यांचं बालपण जोग धबधब्याजवळच्या सागर गावात गेलं, वडील जोगच्या वीजकेंद्रात नोकरीला होते. आता लांबचा विमानप्रवास त्यांना मना आहे.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, "शिरीष, जोग बघून ये माझ्यासाठी. आणि मी सांगते तेवढा आहे का, ते खरंखरं सांग."

या 'खरंखरं'मागे एक काळजी होती. जोगसमोर नायगारा म्हणजे बुटका, असं काकू आयुष्यभर सांगत आल्या. त्यांचा मुलगा निखिल प्रेमानेच म्हणायचा, "आई, तू लहान होतीस, म्हणून तो मोठा वाटला." पण हल्ली काकूंना नावं पटकन आठवत नाहीत... आणि आपल्या आठवणीनेच तो धबधबा फुगवला असेल, असं त्यांना स्वतःलाच वाटू लागलं होतं.

शनिवारी दोघं आमच्याकडे चहाला आले. आपल्या घरांत मोठ्या माणसांना कुठे बसवतात, ते तुम्हाला माहीत आहेच... काकूंना मागच्या भिंतीशी असलेल्या रिक्लायनरवर बसवलं, पायांवर शाल दिली, आणि मी मोठ्या टीव्हीवर जोग लावला. राजा, राणी, रोअरर, रॉकेट, चारही धारा एका फोटोत.

काकू हळूच म्हणाल्या, "छान आहे हं."

"इट्स ब्यूटिफुल, आई," निखिल म्हणाला, "पण नायगारा..."

"बरोबर आहे रे तुझं. लहानपणी सगळंच मोठं दिसतं."

मला ते ऐकवेना. जोग नायगाराच्या जवळजवळ पाचपट उंच आहे, हे मी सांगितलंही. पण आकडा कळणं वेगळं आणि डोळ्यांना पटणं वेगळं. तेवढ्यात टीव्हीची केबल सैल होऊन चित्र गेलं. मी ती बसवायला स्क्रीनपाशी गुडघ्यांवर बसलो, चित्र परत आलं, मी मान वळवली... आणि मी पुन्हा जोगसमोरच्या, दरीकाठच्या कठड्याशी उभा होतो.

गंमत अशी, की एखादी वस्तू केवढी दिसते हे ती डोळ्यांसमोरची किती जागा व्यापते, यावर ठरतं. जोगच्या कठड्यावरून दरी डावीकडून उजवीकडे नजरेत मावत नाही. फोनची लेन्स तो सगळा पसारा एका चौकटीत बसवते, आणि ती चौकट आपण पाहतो खोलीच्या दुसऱ्या टोकावरून! धबधबा फोटोत लहान झालेला नव्हता. आम्ही काकूंना आदराने त्याच्यापासून लांब बसवलं होतं.

मी डायनिंगची खुर्ची टीव्हीसमोर दोन हातांवर ठेवली.

"एवढ्या जवळ?" काकू म्हणाल्या. "डोळे बिघडतील म्हणून या निखिलला जन्मभर मागे ओढत आले मी."

"आता माझा टर्न," म्हणत निखिलने त्यांना हात धरून पुढे आणून बसवलं.

मी त्यांना एक डोळा मिटायला सांगितलं. दोन्ही डोळे उघडे असले की समोर सपाट काच आहे, हे ते मेंदूला सांगत राहतात. एकाच डोळ्याने पाहिलं की ती चहाडी बंद होते.

काकूंनी तळहाताने डावा डोळा झाकला. काही क्षण काहीच झालं नाही. मग राजाच्या धारेबरोबर त्यांची हनुवटी खाली जाऊ लागली... खाली, आणखी खाली, थेट दरीच्या तळापर्यंत.

"हां," त्या म्हणाल्या. "अगदी एवढा मोठा होता. मान अशीच वाकवावी लागायची." मग मागे न वळताच, "निखिल, ये इकडे. आता बोल नायगाराबद्दल."

निखिल खुर्चीच्या बाजूला गालिच्यावर बसला, एक डोळा मिटला, आणि राजाच्या धारेबरोबर त्याचीही हनुवटी खाली गेली. मेधाने चहा दोनदा गरम केला.

फोटो मी काढला, पण जोग मला नीट दाखवला तो काकूंच्या शंकेने. त्याबद्दल त्यांचे आभार.

तुम्हीही आज करून पाहा. झूम न करता काढलेला एखाद्या डोंगराचा किंवा दरीचा फोटो टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर आडवा लावा. एक डोळा मिटा, आणि चित्राच्या रुंदीपेक्षा थोडं कमी अंतर उरेपर्यंत पुढे सरका. थोडा वेळ तसेच थांबा... मग खुर्ची तिथेच राहू द्या, आणि घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला तिच्यावर बसवा.